अनोळखी चेहरे आणि त्यांच्या गोष्टी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात प्रवासातील छायाचित्रणाविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. डोंगर, समुद्र, जुन्या इमारती यांविषयीची पत्रे थोडी आली. बहुसंख्य वाचकांनी विचारले ते माणसांविषयी. वाटेत भेटलेल्या, नावगाव ठाऊक नसलेल्या माणसाचा फोटो काढावा का, काढायचा तर कसा, आणि काढल्यावर त्याच्याविषयी काय लिहावे, हे प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आले आहेत. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. एकसारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : प्रवासात एखादा बोलका चेहरा दिसतो. परवानगी मागायला गेले की तो माणूस सावध होतो, केस सारखे करतो, ताठ उभा राहतो आणि मला जे टिपायचे होते ते निघून जाते. न विचारता फोटो काढावा तर मनाला पटत नाही. यातून मार्ग कसा काढावा?

उत्तर : तुमची अडचण खरी आहे, मात्र परवानगी मागितल्यावर माणूस ताठ होतो तो फार थोडा वेळ. पुष्कळ हौशी छायाचित्रकार त्याच क्षणी एक-दोन फोटो काढून, आभार मानून निघून जातात आणि मग चित्र निर्जीव आले म्हणून विचारण्यालाच दोष देतात. तो पहिला, सावरून उभे राहिलेल्या माणसाचा फोटो जरूर काढावा, कारण आपण कसे दिसावे याविषयीची त्या माणसाची स्वतःची इच्छा त्यात असते. त्यानंतर कॅमेरा खाली घ्यावा, बोलणे चालू ठेवावे आणि त्याला त्याच्या कामाकडे परत जाऊ द्यावे. कॅमेरा समोर आहे हे ठाऊक असूनही माणूस हळूहळू त्याची दखल घेईनासा होतो, आणि त्या वेळी मिळणारे चित्र चोरून काढलेल्या चित्रापेक्षा अधिक मोकळे असते, असा माझा अनुभव आहे.

सावध माणसाचे चित्र निर्जीवच असते, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. जर्मन छायाचित्रकार ऑगस्ट झांडर यांनी १९१४ मध्ये वेस्टरवाल्ड भागात नाचाच्या कार्यक्रमाला निघालेल्या तीन शेतकरी तरुणांचे चित्र वाटेत घेतले. अंगात गडद सूट, डोक्यावर हॅट, हातात काठ्या. तिघेही वळून थेट कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. फिल्मऐवजी काचेच्या प्लेटा आणि ट्रायपॉडवरचा मोठा कॅमेरा असल्यामुळे लपवाछपवीचा प्रश्नच नव्हता. आपला फोटो निघतो आहे हे तिघांनाही पुरते ठाऊक आहे, आणि तरीही डावीकडच्या तरुणाची तिरपी हॅट, त्याच्या ओठांतली सिगारेट आणि उरलेल्या दोघांचा काळजीपूर्वक राखलेला रुबाब यांतून तीन वेगवेगळे स्वभाव स्पष्ट दिसतात. सावधपणा हाही माणसाचा एक भावच आहे, आणि तो टिपण्याजोगा असतो.

विचारण्याचा आणखी एक लाभ असा, की आपल्याला काय हवे आहे यापेक्षा समोरच्याला काय दाखवायचे आहे ते कळते. एका बंदरावर जाळे दुरुस्त करत बसलेल्या गृहस्थांना मी फोटोविषयी विचारले, तेव्हा त्यांनी मान वर न करता हातानेच थांबायची खूण केली. फाटलेल्या भागाचा एक काठ त्यांनी पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणून धरला होता आणि चपट्या सुईवर गुंडाळलेला दोरा एकेका घरातून ओढून ते गाठ मारत होते. गाठ बसली, दोरा कापला गेला, मग त्यांनी हात पुसले आणि सांगितले, चेहरा नको, हातांचा काढा. मी त्यांच्याकडे गेलो होतो तो त्यांच्या चेहऱ्यासाठी. मिळाले ते हातांचे चित्र, आणि आपल्यामध्ये पाहण्याजोगे काय आहे याविषयीचे त्यांचे मत त्या चित्रात उतरले. दुरून लेन्स रोखून मला ते कधीच मिळाले नसते.

व्यवहारातील काही गोष्टीही सांगतो. विचारण्याआधीच उजेड पाहून कॅमेऱ्याची मांडणी करून ठेवावी, म्हणजे होकार मिळाल्यावर बटणे चाचपत त्या माणसाला ताटकळत ठेवावे लागत नाही. भर उन्हात डोळे बारीक होतात आणि त्यांखाली काळ्या सावल्या पडतात. दोन पावले सरकून सावलीत येण्याची विनंती केली, तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. बसलेल्या माणसाचा फोटो उभ्याने, वरून काढू नये, आपणही बसावे. फोटो काढल्यावर तो लगेच दाखवावा. आवडला नाही आणि पुसून टाका असे म्हटले, तर त्यांच्यासमोर पुसावा. मोबाइलमध्ये पुसलेला फोटो साधारणतः महिनाभर वेगळ्या कप्प्यात शिल्लक राहतो, तेव्हा तिथूनही तो काढून टाकलेला त्यांना दिसू द्यावा.

आणि नकार मिळाला तर तो नकारच असतो. मान वळवणे, चेहऱ्यापुढे हात धरणे, पदर किंवा टोपी पुढे ओढणे यांचा अर्थ समजून घ्यायला भाषेची गरज नसते. नकार मिळाल्यावर शंभर पावले मागे जाऊन लांब पल्ल्याच्या लेन्सने तोच फोटो काढणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्या या वागण्याचे समर्थन मला करता येत नाही.

प्रश्न : रस्त्यावरील छायाचित्रणाची सगळी परंपराच न विचारता काढलेल्या चित्रांवर उभी आहे. मग प्रवाशाने प्रत्येक वेळी विचारलेच पाहिजे, हा आग्रह कशासाठी?

उत्तर : प्रत्येक वेळी विचारलेच पाहिजे, असा माझा आग्रह नाही. फ्रेंच छायाचित्रकार ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपल्या छोट्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकले होते, ते लोकांचे लक्ष वेधले जाऊ नये म्हणूनच. वॉकर एव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा लपवून समोरच्या बाकावरील प्रवाशांची चित्रे घेतली. त्या प्रवाशांना विचारले असते, तर कामावरून परतताना स्वतःतच हरवलेले ते चेहरे आपल्याला दिसले नसते, हे मान्य करावेच लागते. मात्र एव्हान्स यांनी ही चित्रे बाहेर काढण्याची घाई केली नाही आणि त्यांचे पुस्तक १९६६ मध्ये, म्हणजे पाव शतकानंतर आले, हेही लक्षात ठेवावे. आज आपण फोटो काढून संध्याकाळी तो शेकडो लोकांपुढे ठेवतो; त्या चित्रातला माणूस तेव्हा कदाचित घरीही पोहोचलेला नसतो.

माझ्यापुरता मी एक भेद करतो. गजबजलेला चौक, स्थानकावरची गर्दी, पावसात धावत सुटलेले लोक, अशा दृश्यात माणसे त्या जागेचा भाग म्हणून येतात आणि तिथे प्रत्येकाला विचारणे शक्यही नसते. पण चौकटीतून एका माणसाला वगळले तर चित्रच उरत नसेल, तर ते चित्र त्या माणसाचे आहे, आणि त्याला त्याची कल्पना असायला हवी. क्षण निसटणारा असेल तर आधी फोटो काढावा आणि नंतर जवळ जाऊन दाखवावा; नंतर विचारणे हेही विचारणेच आहे. हसतमुखाने, मोबाइल पुढे करून ‘आत्ताच तुमचा हा फोटो काढला, चालेल का?’ एवढे म्हणायला अर्धे मिनिट पुरते. बहुतेक लोक खूश होतात आणि पुष्कळदा त्या चित्रामागची गोष्ट याच अर्ध्या मिनिटानंतर सुरू होते.

प्रवाशाच्या बाबतीत मी थोडा अधिक कडक राहतो, त्याला कारण आहे. आपल्याच वस्तीत फोटो काढणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच लोकांना तोंड दाखवायचे असते. प्रवासी निघून जातो. त्याने काय छापले, काय लिहिले, हे मागे राहिलेल्यांना कळण्याचा आणि त्यावर हरकत घेण्याचा मार्ग सहसा नसतो. शोक, आजारपण, प्रार्थना, आंघोळ, झोप आणि भांडण या प्रसंगांत तर न विचारता कॅमेरा उचलूच नये. झोपलेल्या माणसाला विचारता येत नाही, आणि फोटो टाळायला तेवढे कारण पुरेसे आहे.

प्रश्न : सार्वजनिक ठिकाणी फोटो काढायला कायद्याने बंदी नसते, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे आहे का?

उत्तर : अर्धे खरे आहे. फोटो काढणे आणि तो प्रसिद्ध करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुष्कळ देशांत अडचण येते ती दुसऱ्या टप्प्यावर. जर्मनीतील १९०७ चा कायदा व्यक्तीचे छायाचित्र तिच्या संमतीशिवाय प्रसारित किंवा प्रदर्शित करू देत नाही. निसर्गदृश्यात अनुषंगाने आलेली माणसे, सभा-मिरवणुका अशा काही गोष्टींना त्यातून सूट आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये क्वेबेक प्रांतातील एका प्रकरणात असाच कौल दिला. माँट्रियलमध्ये एका इमारतीच्या पायऱ्यांवर बसलेल्या १७ वर्षांच्या मुलीचा फोटो एका कलाविषयक मासिकाने तिला न विचारता छापला होता. फोटोत बदनामीकारक काही नव्हते आणि जागाही सार्वजनिक होती. तरीही प्रसिद्धीसाठी तिची संमती आवश्यक होती असे न्यायालयाने ठरवले आणि तिला २,००० डॉलरची भरपाई मिळाली.

याच्या उलट न्यूयॉर्कमध्ये २००६ साली घडले. फिलिप-लोर्का डिकोर्शिया यांनी टाइम्स स्क्वेअर परिसरात वर दिवे बसवून, दूर उभे राहून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नकळत त्यांचे चेहरे टिपले होते. त्यांपैकी एका सनातनी ज्यू गृहस्थाने आपल्या धर्मश्रद्धेविरुद्ध हे घडले म्हणून दावा लावला. न्यायालयाने ते चित्र कलाकृती ठरवून छायाचित्रकाराच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे एकाच प्रकारच्या फोटोला एका ठिकाणी भरपाई द्यावी लागली आणि दुसऱ्या ठिकाणी संरक्षण मिळाले. त्यामुळे जिथे जाणार आहात तिथला नियम निघण्यापूर्वी पाहावा. लष्करी ठाणी, सीमेवरील चौक्या आणि विमानतळावरील तपासणीच्या जागा बहुतेक सर्वत्र वर्ज्य असतात. संग्रहालय किंवा प्रार्थनास्थळ चालवणाऱ्यांचे नियम वेगळे असतात. फोटो जाहिरातीत किंवा एखादी वस्तू विकण्यासाठी वापरायचा असेल, तर त्या व्यक्तीचे लेखी संमतिपत्र, ज्याला या व्यवसायात मॉडेल रिलीज म्हणतात, ते घ्यावेच.

कायद्याची बाजू एवढी. डिकोर्शिया यांचे ते चित्र कलाकृती म्हणून मोठे आहे, असे मला वाटते. त्या गृहस्थाची व्यथाही मला तितकीच खरी वाटते, आणि निकालाने तिचे निराकरण झाले असे मी मानत नाही.

प्रश्न : प्रवासात भेटलेल्या लोकांचे फोटो मी त्यांच्या गोष्टीसह प्रसिद्ध करते. माझे मित्र म्हणतात, की मजकूर फार भावनाप्रधान होतो. फोटोखाली नेमके काय आणि किती लिहावे?

उत्तर : या पत्राला मी सर्वांत अधिक जागा देणार आहे, कारण अनोळखी माणसावर अन्याय होतो तो फोटो काढताना कमी आणि फोटोखाली लिहिताना अधिक, असे मला वाटते.

अमेरिकन छायाचित्रकर्ती डोरोथिया लँग यांचे ‘मायग्रंट मदर’ (स्थलांतरित आई) या नावाने प्रसिद्ध झालेले चित्र बहुतेकांनी पाहिलेले असते. हनुवटीशी हात धरलेली, कपाळावर आठ्या असलेली एक स्त्री. दोन मुले तिच्या खांद्यांआड तोंड लपवून उभी आहेत आणि मांडीवर तान्हे मूल आहे. अमेरिकेतील मंदीच्या काळात, १९३६ च्या मार्च महिन्यात, लँग सरकारच्या पुनर्वसन खात्याचे काम आटोपून घरी निघाल्या होत्या. कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीची पाटी त्यांना दिसली, त्या तशाच सुमारे वीस मैल पुढे गेल्या आणि मग गाडी वळवून परत आल्या. छावणीत त्यांनी जेमतेम दहा मिनिटे काढली. त्या स्त्रीचे नाव किंवा तिची हकीकत आपण विचारली नाही, असे त्यांनी स्वतःच १९६० मध्ये लिहिले आहे. वय ३२ आणि अन्नासाठी नुकतेच विकलेले गाडीचे टायर, एवढा तपशील चित्राबरोबर जगभर गेला.

त्या स्त्रीचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, हे १९७८ मध्ये, म्हणजे बेचाळीस वर्षांनी उजेडात आले. त्या चेरोकी, म्हणजे अमेरिकेच्या एका मूळनिवासी जमातीच्या वंशाच्या होत्या, ही गोष्ट तोवर चित्र पाहणाऱ्यांना माहीत नव्हती. टायर विकल्याची हकीकत त्यांच्या मुलाने ठामपणे नाकारली. विकायला जादा टायर होतेच कुठे, जे होते ते गाडीला होते आणि त्यांवरच आम्ही तिथून निघालो, असे त्याचे म्हणणे होते. हा तपशील लँग यांच्याकडे कसा आला हे कोणी नक्की सांगू शकत नाही. एका कुटुंबाची हकीकत दुसऱ्या कुटुंबाला चिकटली असण्याची शक्यता अभ्यासक वर्तवतात. थॉम्प्सन यांची स्वतःची तक्रार साधी होती. छायाचित्रकर्तीने माझे नाव विचारले नाही, चित्रे विकणार नाही असे सांगितले, एक प्रत पाठवीन असेही सांगितले, आणि ती कधी आली नाही.

या चित्राने भले केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. वृत्तपत्रात त्या छावणीची चित्रे आल्यावर सरकारने तिथे सुमारे २०,००० पौंड वजनाचे अन्न पाठवले. थॉम्प्सन यांचे कुटुंब तोपर्यंत पुढच्या मुक्कामी गेले होते. १९८३ मध्ये त्या गंभीर आजारी पडल्या, तेव्हा मुलांनी मदतीचे आवाहन केले आणि त्या चित्रामुळे लोकांनी ३५,००० डॉलरहून अधिक रक्कम पाठवली. सोबत आलेली पत्रे वाचून या चित्राकडे पाहण्याची आपली नजर बदलली, असे त्यांच्या मुलांनी सांगितले. तेव्हा हे चित्र काढायलाच नको होते, असे माझे म्हणणे नाही. दहा मिनिटांत आणखी दोन प्रश्न विचारता आले असते, आणि ते विचारले असते तर एका कुटुंबाला आयुष्यभर दुसऱ्याच्या हकिकतीखाली राहावे लागले नसते, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता तुमच्या मजकुराविषयी. फोटोखाली तीन प्रकारच्या गोष्टी येतात: तुम्ही स्वतः पाहिलेल्या, त्या माणसाने तुम्हाला सांगितलेल्या, आणि तुम्हाला वाटलेल्या. पहिल्या दोन मोकळेपणाने लिहाव्यात. तिसरी शक्यतो गाळावी, आणि गाळवतच नसेल तर ती तुमची आहे हे वाक्यात स्पष्ट करावे. ‘आयुष्याच्या ओझ्याने वाकलेली, तरी डोळ्यांत आशा जपणारी वृद्धा’ असे लिहिले, की त्या बाईंविषयी वाचकाला काहीच कळत नाही; लिहिणाऱ्याचा त्या क्षणीचा मनोभाव तेवढा कळतो. ‘सकाळच्या पहिल्या बोटीची वाट पाहताना. मुलीकडे निघाल्या होत्या. पिशवीतला स्वेटर तिच्यासाठी विणला होता, पण बाही लांब झाली आहे असे त्यांना वाटत होते’, असे लिहिले तर एक माणूस दिसतो. यात एकही हळवे विशेषण नाही, आणि मला तर हाच मजकूर अधिक हलवून जातो.

चेहऱ्यावरून मनातले ओळखण्याचा मोह आवरणे फार अवघड असते, हे मी समजू शकतो. रुथ ऑर्किन यांनी १९५१ मध्ये फ्लॉरेन्स शहरात काढलेल्या एका चित्रात एक तरुणी रस्त्याने चालली आहे आणि दोन्ही बाजूंचे पुरुष तिच्याकडे टक लावून पाहत आहेत. अनेकांनी ते छळाचे आणि भयाचे चित्र मानले. चित्रातील तरुणी, निनाली क्रेग, पुढे अनेक वर्षे सांगत राहिल्या, की ते चित्र छळाचे नव्हे, एकटीने प्रवास करत मनसोक्त आनंद घेणाऱ्या स्त्रीचे आहे. चित्र पाहून आपल्या मनात जे येते ते आपण नाकारू शकत नाही. पण ते चित्रातील व्यक्तीच्या तोंडी घालण्याचा अधिकार आपल्याला नाही.

सवयीच्या दृष्टीने सांगायचे तर, नोंद त्याच संध्याकाळी करावी: फोटोचा क्रमांक, ठिकाण, तारीख, नाव आणि त्या माणसाने वापरलेले एखादे वाक्य जसेच्या तसे. नाव त्यांच्याच हातून लिहून घेतले तर सर्वांत उत्तम, कारण ऐकून लिहिलेली परकी नावे हमखास चुकतात. नाव छापले तर चालेल का, हा प्रश्न फोटो काढण्याच्या परवानगीपेक्षा वेगळा आहे आणि तो वेगळाच विचारावा. बोलता बोलता कोणी कर्ज, घरातले भांडण, आजार, वरिष्ठांविषयीचा राग असे काही सांगितले, तर ते तुम्हाला सांगितले आहे, तुमच्या वाचकांना नव्हे. तिथल्या तिथे विचारावे, ‘हे लिहू का?’ पुष्कळ जण क्षणभर विचार करून ‘ते राहू द्या’ म्हणतात. ते राहू द्यावे.

प्रश्न : फोटोसाठी एखाद्या माणसाला तीच कृती पुन्हा करायला सांगणे, इकडे पाहा, तिकडे उभे राहा असे सांगणे ही फसवणूक आहे का?

उत्तर : सांगण्यात फसवणूक नाही, सांगून घडवलेले चित्र सहज सापडलेले म्हणून खपवण्यात आहे. रोबेर द्वानो यांचे पॅरिसच्या नगरभवनाजवळील चुंबनाचे १९५० मधील चित्र कित्येक वर्षे रस्त्यात अवचित टिपलेला क्षण म्हणून घराघरांत लागले होते. त्यातील जोडपे आपण आहोत असा दावा एका दाम्पत्याने केला आणि प्रकरण १९९३ मध्ये न्यायालयात गेले, तेव्हा द्वानो यांना सांगावे लागले, की ते दोघे नाट्यशिक्षण घेणारे विद्यार्थी होते आणि त्यांना पुन्हा चुंबन घ्यायला सांगून ते चित्र काढले होते. चित्र पूर्वीइतकेच सुंदर आहे, पण ज्यांनी त्यावर विश्वास ठेवला होता त्यांना वाईट वाटले आणि त्यांचे वाईट वाटणे रास्त होते. तुम्ही माणसाला दाराशी उभे केले असेल, तर मजकुरात ‘दाराशी उभा राहून आमच्यासाठी’ एवढे तीन-चार शब्द घालावेत.

प्रश्न : भाषाच येत नसेल तर परवानगी कशी मागायची?

उत्तर : कॅमेऱ्याकडे बोट, मग त्यांच्याकडे बोट, आणि प्रश्नार्थक चेहरा, एवढे जगात सगळीकडे समजते. नमस्कार, आभार आणि ‘फोटो काढू का?’ ही वाक्ये त्या भाषेत पाठ करून जावीत; उच्चार चुकला तर ते हसतात आणि काम सोपे होते. वाटाड्याला मध्ये घालताना मात्र जपावे. तो पुष्कळदा विचारत नाही, फर्मावतो, आणि समोरच्याला नाही म्हणणे अवघड होऊन बसते. खुणांनी फोटोची परवानगी मिळते, गोष्ट मिळत नाही. तेव्हा अशा चित्राखाली गोष्ट लिहू नये.

प्रश्न : प्रवासात मुले आपणहून कॅमेऱ्यापुढे येतात, फोटो काढा म्हणून मागे लागतात. तिथे तरी विचारण्याची गरज नसावी ना?

उत्तर : मुलांचा होकार मनापासूनचा असतो, तरी तो पुरेसा नसतो. आई-वडील, आजी-आजोबा किंवा शिक्षक जवळपास असतातच. त्यांच्याकडे पाहून, फोटो दाखवून संमती घ्यावी. मुलांना हौसेने काढून दाखवलेला फोटो आणि जगापुढे ठेवलेला फोटो यांत फरक करावा: पहिला बिनदिक्कत काढावा, सगळ्यांनी मिळून पडद्यावर पाहावा, हसावे आणि तो सहसा आपल्यापाशीच ठेवावा.

प्रसिद्ध करायचाच असेल तर मुलाचे नाव, शाळा आणि ठिकाण एकत्र देऊ नये. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये ठिकाणाचे अक्षांश-रेखांश नोंदले जाऊ शकतात. ती सोय बंद करावी किंवा फोटो देण्यापूर्वी ती माहिती काढून टाकावी. ती काढली तरी गणवेशावरचे बोधचिन्ह आणि पाठीमागची पाटी ठिकाण सांगतेच, तेव्हा चौकट नीट तपासावी. संकटात सापडलेल्या, अत्याचार सोसलेल्या किंवा आजारी मुलाचा ओळखू येणारा चेहरा प्रवाशाने दाखवू नये. बालकांविषयीच्या वार्तांकनासाठी युनिसेफने घालून दिलेली तत्त्वेही, अत्याचारग्रस्त मुलाचे नाव बदलावे आणि चेहरा ओळखता येणार नाही असा ठेवावा, असेच सांगतात.

प्रश्न : फोटोच्या बदल्यात पैसे द्यावेत का?

उत्तर : वेशभूषा करून फोटोसाठीच उभे राहणाऱ्यांचे ते काम आहे, आधी ठरवावे आणि ठरल्याप्रमाणे द्यावे, घासाघीस करू नये. कारागिराचा वेळ घेतला असेल तर त्याची वस्तू विकत घेणे मला पैसे पुढे करण्यापेक्षा बरे वाटते. मुलांच्या हातावर पैसे ठेवू नयेत. बाकी सर्वांना फोटोची प्रत द्यावी: शक्य असेल तर खिशात मावणाऱ्या छपाईयंत्रावर तिथेच छापून, नाहीतर पत्ता किंवा मोबाइल क्रमांक घेऊन. प्रत पाठवीन असे म्हटले, तर घरी परतल्यावर पहिल्याच आठवड्यात पाठवावी. मागे पडलेले हे काम सहसा कायमचेच मागे पडते.

प्रश्न : फार वर्षांपूर्वी एका प्रवासात काढलेले एका स्त्रीचे चित्र माझ्या पहिल्या प्रदर्शनात लावण्याचा विचार आहे. तिचे नाव मला माहीत नाही, आता विचारण्याचा मार्गही नाही. ते लावावे का?

उत्तर : चित्र न पाहता एका शब्दात उत्तर देणे कठीण आहे, पण आधी तुम्ही स्वतःला काय विचारावे, ते सांगता येईल. ती स्त्री त्या वेळी तुमच्याकडे पाहत होती का, तिला फोटो निघतो आहे हे ठाऊक होते का, आणि ती आज दालनात शिरली तर तिला भिंतीवर स्वतःला पाहून संकोच वाटेल असे त्या चित्रात काही आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय असेल, तर चित्र कितीही चांगले असले तरी ते लावू नये.

अशा चित्रांचे पुढे काय होते, याचे सर्वांत ठळक उदाहरण स्टीव्ह मॅककरी यांनी १९८४ मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत काढलेल्या हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचे आहे. ते चित्र जून १९८५ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या मुखपृष्ठावर आले आणि त्या काळातील सर्वांत ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक ठरले, शरबत गुला हे तिचे नाव मात्र २००२ मध्ये तिचा शोध लागल्यावर कळले. तोवर स्वतःचे ते चित्र तिने पाहिलेलेही नव्हते. २०१६ मध्ये बनावट ओळखपत्राच्या आरोपावरून तिला पाकिस्तानात अटक झाली, तेव्हा तिच्या अटकेची बातमी जगभर पोहोचली ती त्याच चेहऱ्यामुळे, आणि २०२१ मध्ये इटलीने तिला आश्रय दिला त्याची बातमीही त्याच चेहऱ्यामुळे झाली. प्रसिद्धीने तिला संकटात आधार दिला आणि लपण्याची सोयही ठेवली नाही. या दोन्हींपैकी कशालाही तिने लहानपणी होकार दिलेला नव्हता.

तुमचे चित्र तितके दूर जाणार नाही, असे गृहीत धरू नका. प्रदर्शनातील चित्राचा कोणीही मोबाइलवर फोटो घेतो आणि पुढे पाठवतो. लावायचे ठरवलेत तर नाव देण्याच्या मोहात पडून ‘प्रतीक्षा’, ‘वेदना’ असे शीर्षक देऊ नका. ठिकाण, वर्ष आणि ‘या स्त्रीचे नाव मी तेव्हा विचारले नव्हते’ एवढेच लिहा. चित्राची विक्री करू नका आणि ते निमंत्रणपत्रिकेवर किंवा फलकावर वापरू नका. त्या गावाशी अजूनही संबंध असलेले कोणी ओळखीचे असेल, तर प्रदर्शनापूर्वी त्यांच्याकडे चित्राची प्रत पाठवून चौकशी करा. लहान गावांत अशी चौकशी वाटते त्यापेक्षा लवकर योग्य दारापर्यंत पोहोचते. तिचा किंवा तिच्या घरच्यांचा पत्ता लागला आणि त्यांनी नको म्हटले, तर प्रदर्शन चालू असले तरी ते चित्र त्याच दिवशी उतरवा.